सराव केंद्रासाठी निधी: आधी टप्पे ठरवा, मग मागणी करा

प्रश्न: आमच्या नगरपरिषदेकडे दोन बंब आणि मोजके जवान आहेत. गावाभोवती जिनिंग कारखाने आहेत आणि गावात अरुंद बोळांची जुनी बाजारपेठ आहे. भरतीच्या वेळच्या प्रशिक्षणानंतर जवानांचा सराव एप्रिलमधील अग्निशमन सेवा सप्ताहातील प्रात्यक्षिकापुरताच उरतो. जहाजी वाहतुकीचे जुने कंटेनर जोडून सराव केंद्र उभारता येते, असे समजले. यासाठी निधी कोठून मिळेल? (एक नगरसेवक, परभणी जिल्हा)

उत्तर: आपण हा विषय सभागृहात नेण्याच्या तयारीत आहात, ही समाधानाची गोष्ट आहे. अग्निशमन सेवा हे राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवलेले काम असले, तरी नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात त्यासाठीची तरतूद बहुधा वाहनखरेदी, डिझेल आणि पगार यांतच संपते. बंब लोकांना दिसतो, त्याचे लोकार्पण होते. सराव कोणाला दिसत नाही, म्हणून तो मागे पडतो.

कंटेनरच्या केंद्राचा मोठा फायदा स्वस्ताईत नाही, तर ते तुकड्यातुकड्याने उभे करता येते यात आहे. आपल्याकडे निधी एकरकमी येत नाही आणि आलेला निधी मार्चअखेर खर्च झाला नाही, तर परत जातो. काँक्रीटची चार मजली सराव इमारत मंजूर करून घेतली आणि पहिल्या वर्षी पायापुरतेच पैसे आले, तर पुढे काय होते, याची उदाहरणे आपल्या प्रत्येक तालुक्यात उभी आहेत. वीस फुटी कंटेनर मात्र साधारण सहा मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि तेवढाच उंच असा स्वतंत्र खोका असतो; तो एकटा ठेवला तरी त्याच वर्षी सराव सुरू होतो आणि पुढच्या वर्षी त्याच्या शेजारी किंवा वर दुसरा ठेवता येतो. म्हणून प्रस्ताव असा लिहावा की, प्रत्येक टप्पा स्वतःपुरता पूर्ण असेल आणि पुढचा टप्पा रखडला तरी आधीचा वाया जाणार नाही.

निधीचा पहिला मार्ग जिल्हा नियोजन समितीचा आहे. जिल्हा वार्षिक योजनेतून अग्निशमन सेवेसाठी नगरपरिषदांना पैसे मिळतात, परंतु मागणी बहुतेक वेळा अग्निशमन केंद्राच्या इमारतीची आणि वाहनांचीच जाते. दुसरा मार्ग आमदार स्थानिक विकास निधीचा आहे; त्यातून स्थावर कामे होतात, त्यामुळे जागेचे सपाटीकरण, काँक्रीटचा ओटा, कुंपण आणि पाण्याची टाकी यांसाठी तो मागावा. केंद्र सरकारने पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार जुलै 2023 मध्ये राज्यांतील अग्निशमन सेवांच्या विस्तार व आधुनिकीकरणासाठी 5,000 कोटी रुपयांची योजना सुरू केली आणि त्यात राज्य प्रशिक्षण केंद्रांचे बळकटीकरण हाही एक घटक ठेवला. महाराष्ट्रासारख्या राज्याला त्यात 25 टक्के वाटा उचलायचा होता आणि मुदत 2025-26 पर्यंतची होती. अशा योजना राज्यामार्फत चालतात, एकट्या नगरपरिषदेला तेथे थेट अर्ज करता येत नाही; म्हणून परभणी, जिंतूर, सेलू, मानवत अशा शेजारच्या गावांनी मिळून एकच सामाईक केंद्र मागितले आणि ते परभणी महापालिकेच्या जागेवर ठेवले, तर महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयापुढे आपली बाजू भक्कम होईल. दोन बंबांच्या गावाने स्वतःचे वेगळे केंद्र मागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पहिल्या टप्प्यातील एकावर एक असे दोन खोके कसे असावेत, हे सविस्तर सांगतो, कारण निधीचा उपयोग की उधळपट्टी हे येथेच ठरते. छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात एप्रिल 2024 मध्ये पहाटे तळमजल्यावरील कपड्यांच्या दुकानाला आग लागली आणि वरच्या मजल्यावर राहणारे सात जण गुदमरून मृत्युमुखी पडले. खाली दुकान, वर घर आणि मध्ये एकच जिना ही मराठवाड्यातील कोणत्याही पेठेची रचना आहे, त्यामुळे आपला सरावही तिच्यातच व्हायला हवा. खालच्या कंटेनरला खरे लोखंडी शटर बसवावे आणि ते सरावात कापायचे असल्याने त्याच्या पट्ट्या बदलता येतील अशी सोय ठेवावी. आतून जेमतेम अडीच फूट रुंदीचा, वळण घेणारा जिना वरच्या कंटेनरमध्ये न्यावा. आतील फळ्यांच्या भिंती हलवता येण्याजोग्या असाव्यात, म्हणजे जवानाला आतला नकाशा पाठ होणार नाही. हे खोके पेटवायचेच नाहीत. त्यांत बिनविषारी कृत्रिम धूर सोडावा आणि पाठीवर श्वसनसंच घेतलेल्या जवानाने, भिंतीवरचा हात न सोडता, गुडघ्यांवर सरकत, अडकलेल्या माणसाच्या जागी ठेवलेला पुतळा शोधून खाली आणावा. जिन्याच्या वळणावर पाठीवरचा हवेचा सिलिंडर अडकतो तेव्हा अंग कसे तिरके करायचे, हे पुस्तकात वाचून येत नाही. आगीत बहुतेक माणसे भाजण्याआधी धुराने जातात, म्हणून पहिला पैसा धुराच्या सरावावरच लावावा.

खरी आग पेटवण्याचा खोका हा नंतरचा टप्पा आहे आणि तो घाईने मागू नये. पोलादाची ताकद साधारण 550 ते 600 अंश सेल्सिअसला निम्म्यावर येते आणि बंद खोलीतील आगीत छताजवळ तेवढे तापमान सहज होते. उष्णतारोधक अस्तर नसलेला कंटेनर त्यामुळे वाकतो. त्याची मूळची प्लायवूडची जमीनही काढावी लागते, कारण तिच्यावर बहुधा कीटकनाशकाची प्रक्रिया केलेली असते. अमेरिकेत प्रत्यक्ष आगीच्या प्रशिक्षणासाठी मानक आहे. त्यानुसार पाच प्रशिक्षणार्थींमागे किमान एक प्रशिक्षक असावा लागतो आणि प्लास्टिक किंवा पेट्रोलसारखे इंधन खोलीत जाळता येत नाही. येथे काम करताना तेवढी शिस्त आपणही पाळावी. प्रशिक्षकाचे मानधन, धूरयंत्राचा द्राव, सिलिंडरची चाचणी आणि वार्षिक तपासणी यांचा खर्च नगरपरिषदेच्या स्वतःच्या अंदाजपत्रकात वेगळ्या लेखाशीर्षाखाली दाखवल्याशिवाय भांडवली निधीची मागणी करूच नये.

प्रश्न: आमची कंपनी वाळूजला आहे. सीएसआरमधून (कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून) असे सराव केंद्र उभारून देता येईल का? (एक कंपनी अधिकारी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: होय. कंपनी कायदा, 2013 च्या सातव्या अनुसूचीत आपत्ती व्यवस्थापनाचा समावेश आहे. मात्र सीएसआरमधून तयार झालेली भांडवली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. ती महापालिकेसारख्या सार्वजनिक प्राधिकरणाच्या किंवा नियमांत बसणाऱ्या नोंदणीकृत संस्थेच्या नावे करावी लागते. केवळ स्वतःच्या कामगारांच्या प्रशिक्षणाचा खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही, तेव्हा केंद्र शहराच्या दलासाठी असावे. आपण ते ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केले, तर सुरुवातीच्या वर्षानंतर आणखी तीन वर्षे खर्च करता येतो. त्या मुदतीत प्रशिक्षक आणि देखभाल यांचाही भार उचलावा, ही विनंती. 31 डिसेंबर 2023 च्या पहाटे वाळूजमधील हातमोज्यांच्या कारखान्यातील आगीत सहा कामगार दगावले, हे आपल्या संचालक मंडळाला सांगावे लागणार नाही.

प्रश्न: उन्हाळ्यात प्यायला पाणी नसते, तेथे सरावासाठी पाणी कसे मागावे? (एक वाचक, लातूर)

उत्तर: 2016 साली रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहरातून हा प्रश्न यावा, हे स्वाभाविक आहे. एका होजमधून (पाणी मारण्याच्या नळीतून) मिनिटाला 300 लिटर धरले, तरी वीस मिनिटांत 6,000 लिटर पाणी जाते. म्हणून ओट्याला उतार देऊन पाणी निवळण टाकीत आणि तेथून पुन्हा पंपाकडे फिरवण्याची व्यवस्था पहिल्याच टप्प्याच्या अंदाजपत्रकात घालावी. पुढे ती जोडायला गेल्यास ओटा फोडावा लागतो. आग विझवण्याच्या फेसाचा सराव या टाकीवर करू नये, त्याचे पाणी वेगळे अडवावे. धुराच्या खोक्याला तर पाणी लागतच नाही, त्यामुळे मार्च ते जून हे महिने त्या सरावासाठी राखून ठेवता येतात.