शाळेच्या दिवशीच पोट का दुखतं?

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. जूनमध्ये यांची बदली झाली, साताऱ्याहून नाशिकला आलो. नव्या शाळेत जायला लागल्यापासून रोज सकाळी बेंबीजवळ दुखतं म्हणतो. दूध तसंच राहतं, डबा अर्धा परत येतो. संध्याकाळी फरसाण मात्र चालतं. रविवारी काहीच दुखत नाही! जंताचं औषध झालं. सोनोग्राफीत पोटात बारीक गाठी आहेत असं आलंय. सासूबाई म्हणतात, नाटकं करतो.
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, सासूबाईंना सांगा, नाटक नाही, त्याला खरंच दुखतं. आतड्यांमध्ये मज्जातंतूंचं स्वतंत्र जाळं असतं आणि मेंदूशी त्याची सतत देवाणघेवाण चालते. मूल धास्तावलं की जठर सावकाश रिकामं होतं, म्हणून सकाळी घास उतरत नाही. मोठं आतडं उलट घाईला येतं, कळा येतात. जॉन ॲपली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी १९५८ मध्ये हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. साधारण दहातल्या एकाला असं वारंवार पोट दुखायचं. दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितका आतल्या आजाराचा संशय जास्त, हा त्यांचा ठोकताळा आम्ही अजून वापरतो. बारीक गाठी म्हणजे आतड्यांजवळच्या लसिका ग्रंथी (लिम्फ नोड्स), त्या या वयात धडधाकट मुलांतही दिसतात; तो रिपोर्ट फायलीत टाका.

तुम्ही एक लिहिलंच नाहीत : शी. शाळेत तो जातो का? कडी लागत नाही, पाणी नसतं, पोरं हसतात, म्हणून कितीतरी मुलं दाबून ठेवतात. मग खडा होतो, भूक मरते. सकाळी थोडं लवकर उठवा, काहीतरी खाल्ल्यावर दहा मिनिटं बसू द्या. कमोड असेल तर पायाखाली पाट द्या. खाल्ल्यानंतर मोठं आतडं आपसूक हलतं.

डबा लहान करा आणि दारातच ‘संपवलास का?’ विचारू नका. शाळेतून आल्या आल्या पोळीभाजी वाढा. खरी भूक तेव्हाची, ती फरसाणावर कशाला घालवायची?

वजन घटलं, रात्री दुखून जागा झाला, शीतून रक्त गेलं, हिरवी उलटी झाली किंवा उजवीकडे खाली दुखू लागलं, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा. एरवी शाळा बुडवू नका. बाईंना भेटून तासाला मध्येच उठून जायची परवानगी तेवढी मागून घ्या.