ध्यानाला बसतो, तरी कामात मन लागत नाही

‘मॅडम, कंपनीत दर मंगळवारी अर्धा तास ध्यान असतं. बाकीच्यांना म्हणे शांत वाटतं. मी नुसता घड्याळ बघतो. माझ्यातच काही खोट आहे का?’

माझ्याकडे समुपदेशनाला आलेले बेचाळिशीचे गृहस्थ, सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पहिल्या भेटीत मीही त्यांना श्वासाचा व्यायाम देऊन मोकळी झाले. माझी घाईच झाली ती.

दुसऱ्या भेटीत त्यांनी बॅगेतून रिजेक्ट झालेला एक पार्ट काढला. कडेवरून नख फिरवलं आणि माझ्यापुढे धरला. ‘बर लागते का बघा.’ बर म्हणजे कडेला राहिलेली बारीक, धारदार कोर. मला काहीच लागेना. त्यांचं नख मात्र दर वेळी त्याच जागी अडत होतं. अठरा वर्षांचा हात! तेवढ्यापुरता माणूस खुलला होता.

मग हळूहळू निघालं. वर्षभरापूर्वी त्यांनी एक लॉट अडवला होता. वरून निरोप आला, ‘डेव्हिएशनवर सोडा, डिस्पॅच थांबलाय.’ म्हणजे दोष माहीत असूनही खास परवानगीने माल पुढे जाऊ द्यायचा. त्यांनी सही केली. पुढे अशा सह्या होतच राहिल्या. त्याच सुमाराला ध्यानाचा तास सुरू झाला, हजेरीसकट.

विल्यम कान या अमेरिकी अभ्यासकाने 1990 मध्ये माणूस कामात जीव कधी ओततो याचा शोध घेतला. त्याला तीन गोष्टी सापडल्या: कामाला अर्थ वाटणं, मनातलं बोलायची भीती नसणं आणि तेवढं त्राण अंगात उरलेलं असणं. ध्यानाने फार तर तिसरीला हातभार लागेल. यांची पहिल्या दोन्हींवर गाडी अडली होती. कामातलं अध्यात्म म्हणतात ते मला तरी त्या नखात दिसलं, सतरंजीवर नाही. ध्यान वाईट असं नाही. पण सही करताना पोटात कालवतं, ते डोळे मिटून कसं थांबणार?

‘नोकरी सोडू का?’ त्यांनी विचारलं. दोन मुलं शिकतायत, घराचा हप्ता आहे. लगेच सोडा म्हणणं मला सोपं, त्यांना नाही. आम्ही एवढंच ठरवलं, की पुढच्या वेळी सहीच्या वर आपला शेरा लिहायचा: काय दिसलं, किती नगांत.

दीड महिन्याने आले. तीन शेरे लिहिले होते. एक लॉट परत फिरला, दोन गेलेच. साहेब जरा घुश्शात आहेत.

‘आणि मंगळवारी?’

‘झोप लागते, मॅडम.’

‘लागू द्या,’ म्हटलं.