आठ दिवस फ्राइज आणि केळी

मागच्या अंकात प्रवासातल्या खाण्यापिण्याचे प्रश्न पाठवा म्हटलं होतं, मला वाटलं पोट बिघडलं तर काय, पाणी कुठलं प्यायचं असलं काहीतरी येईल, तर बहुतेक पत्रं व्हेज-व्हेगन मंडळींची निघाली आणि त्यात भुकेपेक्षा लोकांच्या बोलण्याचीच तक्रार जास्त. चार पत्रं घेतेय.

प्रश्न : ताई, मी पूर्ण व्हेज आहे, अंडंसुद्धा खात नाही. पुढच्या महिन्यात ऑफिसच्या टीमसोबत आठ दिवस जपानला जायचंय. मागच्या फॉरेन ट्रिपला मी आख्खे आठ दिवस फ्राइज आणि केळी यावर काढले, आणि वर रोज जेवताना "टेबलावरच्या कुंडीतली पानं खातेस का" असले जोक ऐकले. आमचे मॅनेजर म्हणतात, तिकडे जाऊन तरी सोड ना हे, कोण बघतंय. काहीतरी कारण काढून टाळावं असं वाटायला लागलंय.

उत्तर : जा गं, अजिबात टाळू नकोस. आधी पोटाचं बघू, कारण पोटात काही नसलं की साधा जोकही जास्त झोंबतो.

जपानमध्ये खरी गोची दाशीची. दाशी म्हणजे तिकडचा बेसिक स्टॉक, बहुतेक वेळा कात्सुओबुशीचा, म्हणजे धुरी देऊन कडक सुकवलेल्या बोनिटो माशाच्या पातळ कापांचा, आणि तो मिसो सूपमध्ये (आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं सूप) असतो, नूडल्सच्या रश्श्यात असतो, सोबा, म्हणजे बकव्हीटच्या नूडल्स, बुडवून खायच्या सॉसमध्ये असतो आणि मुख्य म्हणजे निरागस दिसणाऱ्या शिजवलेल्या भाज्यांमध्येही असतो. तू 'व्हेजिटेरियन' म्हटलंस की समोरचा माणूस मान डोलावून अगदी मनापासून तुला भाज्यांचं ताट आणून देईल आणि त्या भाज्या दाशीत शिजलेल्या असतील. तो काही फसवत नाहीये, ताटात मासा नाही म्हणजे झालं की, असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं. म्हणून 'मी व्हेज आहे' हे वाक्य जपानमध्येच काय, कुठेच एकटं सोडू नकोस, पदार्थांची नावं घे: मटण नको, चिकन नको, मासे नकोत, माशाचा स्टॉक नको, अंडं नको. जपानीत हे लिहून घे, एखाद्या जपानी येणाऱ्या माणसाकडून तपासून घे आणि प्रिंट काढून पर्समध्ये ठेव, फोनची बॅटरी नेमकी जेवायच्या वेळेलाच संपते. हेच स्पेनमध्ये होतं, 'कार्ने नको' म्हटलं तर सॅलडवर ट्यूना येतो कारण कार्ने म्हणजे मांस, मासा वेगळा. मेक्सिकोत घोटलेल्या बीन्सना डुकराची चरबी असू शकते. आणि तू ज्या फ्राइजवर आठ दिवस काढलेस ना, बेल्जियममध्ये ते पारंपरिक पद्धतीने बीफच्या चरबीत तळतात, त्यामुळे फ्राइज म्हणजे सेफ हेही डोक्यातून काढून टाक (सॉरी, हे वाचून मागची ट्रिप आठवू नकोस आता).

पण जपानमध्ये शोजिन ऱ्योरी पण आहे. हे बौद्ध मठांतलं जेवण, मांस मासे काही नाही, कांदा-लसूणही नाही, दाशी सुद्धा कोम्बू म्हणजे समुद्री शेवाळ आणि शिताके मशरूमची. कोयासानच्या डोंगरावर मठांमध्ये राहायची सोय असते तिथे हेच जेवण मिळतं, आणि क्योतोमध्ये असं जेवण देणारी रेस्टॉरंट्स आहेत. माझं ऐकशील तर टीमच्या एका डिनरसाठी हे तूच सुचव, "व्हेज आहे" म्हणून सुचवू नकोस, "इथलं खास आहे, शेकडो वर्षांची परंपरा आहे" म्हणून सुचव, कारण ते खरंच तसं आहे. बुकिंग आधी करावं लागतं, तेही तूच कर. आमच्या एका ग्रुपमध्ये मी हे करायला लागल्यापासून जोक जवळजवळ बंदच झाले, कारण रेस्टॉरंट शोधायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो आणि जो शोधतो त्याच्याशी कोणी पंगा घेत नाही. मधल्या भुकेसाठी दुकानातल्या ओनिगिरीत, म्हणजे सारण भरलेल्या भाताच्या गोळ्यांत, उमेबोशीची, म्हणजे आंबट खारवलेल्या फळाची, बघ, पण फोनच्या कॅमेऱ्याने लेबल वाचूनच घे, त्यातही कधीकधी माशाचा अर्क टाकलेला असतो.

आता जोक. पहिल्या जोकला हस, तोही बिचारा काहीतरी बोलायचं म्हणून बोलतो. रोजच व्हायला लागलं तर मात्र चारचौघांत वाद घालू नकोस, त्या एकाला बाजूला घेऊन सांग की बाबा रे, मला हे रोज ऐकायचा वैताग येतो. बहुतेक लोक ओशाळतात. आणि मॅनेजरसाहेबांच्या "कोण बघतंय" ला माझं ठरलेलं उत्तर आहे, मी बघतेय ना.

प्रश्न : मी दीड वर्षापासून व्हेगन आहे. इटलीला आतेबहिणीकडे दहा दिवस जाणार आहे. तिला सांगितलं तर म्हणाली, "दूध पण नाही? मग मी तुला काय घालू खायला?" आणि तेव्हापासून जरा तुटकच बोलतेय. आई म्हणते पाहुणा म्हणून जातोयस तर दहा दिवस खा की गपचूप. काय करू?

उत्तर : तुझी ताई चिडलेली नाहीये, घाबरलीये. दहा दिवस दोन वेळा तुझ्यासाठी वेगळं काय करायचं हा प्रश्न तू तिच्या डोक्यावर ठेवलास आणि फोन ठेवून दिलास. आता परत फोन कर आणि काय खात नाही ती यादी न सांगता काय खातोस ते सांग. इटलीत तर सोपं आहे रे, सुका पास्ता साधारण रवा आणि पाण्याचाच असतो (ताज्या पास्त्यात अंडं असतं, तेवढं बघ), टोमॅटो, लसूण, ऑलिव्ह ऑइल, कडधान्यांची सूपं, मारिनारा पिझ्झावर चीज नसतंच. पेस्तोमध्ये, म्हणजे बेसिलच्या हिरव्या चटणीसारख्या सॉसमध्ये, मात्र चीज असतं. वर पार्मेझान चीज किसू नको एवढं सांगितलं की झालं, ते तर नुसत्या व्हेज लोकांनाही चालायला नको कारण खऱ्या पार्मेझानमध्ये, म्हणजे पार्मिजानो रेज्जानोत, दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, तसा नियमच आहे त्यांचा, पण हे ताईच्या डायनिंग टेबलावर बोलायची गरज नाही.

आणि दिवसाआड एक जेवण तू सगळ्यांसाठी बनव. खरेदी करताना लेबलवर दूध, अंडं, मासे हे बाकी अक्षरांपेक्षा उठून दिसतील असे छापलेले असतात, बहुतेक ठळकच, कारण युरोपियन युनियनमध्ये १४ अ‍ॅलर्जीचे पदार्थ असे वेगळे दाखवावेच लागतात. यात एक मेख आहे, चरबी आणि जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढतात ते) त्या १४ मध्ये नाहीत, त्यामुळे ठळक काही दिसलं नाही म्हणजे व्हेगन असं समजू नकोस, पूर्ण यादी वाच.

आईच्या म्हणण्याबद्दल : खायचं की नाही हे तुझं तू ठरव, पण घरून निघायच्या आधी ठरव. तिथे ताईने प्रेमाने केक समोर ठेवल्यावर ठरवायला गेलास तर खाल्लास तरी चुटपुट आणि नाही खाल्लास तरी चुटपुट, शिवाय एकदा खाल्लंस की "त्या दिवशी खाल्लास की रे" हे पुढची दहा वर्षं ऐकायची तयारी ठेव.

प्रश्न : विमानाचं तिकीट काढताना जेवणाच्या ऑप्शनमध्ये 'हिंदू मील' निवडलं, आम्ही दोघेही ज्येष्ठ आणि शुद्ध शाकाहारी, आणि समोर चिकन आलं. एअरहोस्टेस म्हणे बरोबरच आहे. हा काय प्रकार?

उत्तर : ती बरोबर होती काका. हिंदू मीलचा कोड एचएनएमएल, आणि त्याचा अर्थ बीफ-पोर्क नाही एवढाच, चिकन, मटण, मासे असू शकतात. तुम्हाला हवं होतं ते एव्हीएमएल, म्हणजे एशियन व्हेजिटेरियन, त्यात दूध-दही चालतं. कांदा-लसूण, कंदमुळं नको असतील तर व्हीजेएमएल, जैन. व्हेगन असेल तर व्हीजीएमएल. निदान २४ तास आधी सांगावं लागतं, काही कंपन्या त्याहून जास्त वेळ मागतात, आणि फ्लाइट बदलली तर जेवणाची नोंद नवीन फ्लाइटवर आपोआप जाईलच असं नाही, परत विचारा. चेक-इनला एकदा, आत बसल्यावर एकदा. आणि बॅगेत काहीतरी कोरडं ठेवाच, पण उतरायच्या आधी संपवा, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला खाण्याचं सगळं डिक्लेअर करावं लागतं.

प्रश्न : माझी तक्रार उलटी आहे. मी सगळं खातो. आमच्या ग्रुपमधली एक मैत्रीण व्हेज आहे, प्रत्येक गावात तिच्यासाठी हॉटेल शोधत अर्धा तास फिरायचं, आणि मी मासे मागवले की ती नाक दाबून "ई" करते. मग आम्ही जोक केले की ती रडते. आम्हीच वाईट का?

उत्तर : नाही, "ई" करणं चूकच आहे, त्यात दुमत नाही. कुणाच्या ताटाकडे बघून तोंड वाकडं करायचं नाही हा नियम दोन्ही बाजूंना लागू आहे, आणि खरं सांगायचं तर आम्ही व्हेज लोक तो फार मोडतो, वर स्वतःला हळवे समजतो. तिला हे एकदा स्पष्ट सांगा, जोक करून नको. अर्ध्या तासाच्या पायपिटीचं म्हणाल तर ते काम तिच्याकडेच द्या, आदल्या रात्री तिने दोन ठिकाणं शोधून ठेवायची, जिथे दोघांनाही मिळेल अशी. एक जेवण तुमच्या पसंतीचं, एक तिच्या, आणि तुमच्या वेळेला तिने आधी काहीतरी खाऊन यायचं आणि गप्पा मारायच्या. जमलं तर तिच्या पाळीला इथिओपियन जागा बघा, त्यांच्या चर्चमध्ये बुधवार-शुक्रवार उपवास असतो म्हणून मांस, दूध, अंडं काही नसलेल्या पदार्थांचं मोठं ताट मिळतं, आणि बाजूला तुमच्यासाठी मटण पण असतंच.

आणि एक राहिलं. बिल समान वाटून घेत असाल तर तिने काय खाल्लं ते जरा बघा. आणि तिच्या प्लेटमधले फ्राइज "एकच घेतो" म्हणून उचलू नका, बऱ्याचदा तेच तिचं जेवण असतं.