टेक्ससमधली पहिली व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीचं हरीण) शिकार: सुरुवातीला एवढंच सांभाळ

सोबत गाइड घेतोयस ते उत्तम केलंस. जागा, वारा, नराचं वय हे सगळं तो बघेल. तू नेमाकडे लक्ष दे.

मॅग्नम (जास्त ताकदीच्या काडतुसाची) रायफल नको. दणका मोठा असला की ट्रिगर दाबताना डोळे मिटतात. .२७० किंवा .३०८ कॅलिबरची भरपूर झाली. १०० यार्डांवर झीरो कर, म्हणजे नेम धरशील तिथेच गोळी लागेल अशी जुळव, आणि मग नेमबाजीचं बेंच सोडून खुर्चीत बस, रायफल स्टिकवर (टेकणकाठीवर) टेकवून सराव कर. ब्लाइंडमध्ये (लपून बसायच्या आडोशात) तसंच बसायचं आहे.

नवखे हमखास इथे चुकतात:

- शिंगांकडेच बघत बसतात. गाइडने 'हाच' म्हटलं की शिंगं विसर. नर आडवा उभा राहू दे. पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर ये आणि छातीच्या खालून एक तृतीयांश उंचीवर नेम धर. तो तुझ्याकडे तोंड करून असेल किंवा मागे दुसरं हरीण असेल तर थांब, गोळी आरपार जाते.
- गोळी लागली की नरामागे धावत सुटतात. जखमी जनावर उठून लांब जातं, मग सापडत नाही. आधी दुसरी गोळी भर, तो कुठे दिसेनासा झाला ते झुडूप लक्षात ठेव आणि गाइड म्हणेपर्यंत हलू नकोस.

२ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतरचा जन्म असेल तर टेक्ससमध्ये लागणारा हंटर एज्युकेशन (शिकारी प्रशिक्षण) कोर्स आधीच उरकून घे. बुकिंग करतानाच विचार, जखमी होऊन हरवलेल्या नराचे पैसे लागतात का. बऱ्याच ठिकाणी पूर्ण लागतात.