औषधाचं बोला : हॉस्पिटलवाल्यांना पाऊंड का चालत नाही?

प्रश्न : मुलगी अडीच वर्षांची आहे. ताप उतरेना म्हणून रात्री इमर्जन्सीला नेलं, तिथल्या काट्यावर नुसतं १२.४ आलं. पाऊंडात किती ते सांगा म्हटलं तर नर्स म्हणाली आमच्या काट्यावर पाऊंड दिसतच नाहीत, बंद करून ठेवलेत. घरी येऊन तापाच्या सिरपच्या खोक्यावर बघते तर सगळा तक्ता पाऊंडात! सासूबाई आल्यात त्यांना किलो कळतो, हिच्या बाबांना पाऊंड कळतो, आणि रात्री दोन वाजता कॅल्क्युलेटर घेऊन बसते मी. सगळी अमेरिका पाऊंडात बोलते मग हॉस्पिटललाच हे काय खूळ? – एक वैतागलेली आई, न्यू जर्सी

उत्तर : तुमचा वैताग समजतो, पण त्या नर्सला माझ्याकडून थँक्यू सांगा. मी इथल्याच एका हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते आणि काट्यावरचं ते पाऊंडाचं बटण बंद केल्यापासून मला जरा बरी झोप लागते.

लहान मुलांचं औषध वयावर नाही, वजनावर ठरतं, आणि आमचे सगळे डोस 'एका किलोमागे इतके मिलिग्रॅम' असेच लिहिलेले असतात. तुमच्या तापाच्या औषधाचंच घ्या (इथे ॲसिटॅमिनोफेन म्हणतात, आपल्याकडचं पॅरासिटामॉल). एका वेळेला किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. १२.४ किलोला जास्तीत जास्त १८६ मिलिग्रॅम झाले, आणि सिरप ५ एमएलमध्ये १६० मिलिग्रॅमवालं असेल तर ५.८ एमएल. आता हेच वजन पाऊंडात २७.३ होतं (एक किलो म्हणजे साधारण २.२ पाऊंड). कोणी नुसतंच '२७.३' लिहून ठेवलं आणि पुढच्याने ते किलो समजून गुणाकार केला की झाले ४१० मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ १३ एमएल! एकदा गेलं तर निभावेलही, पण हे दर चार-सहा तासांनी दिवसातून पाच वेळा जात राहिलं तर लिव्हरचं काय होईल?

तुम्ही म्हणाल एवढं साधं कळत नाही का. नाही कळत, कारण चुकीचा आकडासुद्धा खराच वाटतो. मागे माझ्याकडे कानाच्या इन्फेक्शनसाठी अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकची ऑर्डर आली, पेशंट तीन वर्षांचा, वजन ३१ किलो. हात थांबला. तीन वर्षांचं पोर ३१ किलो? वर फोन लावला तर "अय्या, ते पाऊंड आहेत!" म्हणजे खरे १४ किलो. किलोमागे दिवसाला ९० मिलिग्रॅमने १२६० द्यायचे तिथे २७९० निघाले असते. ते मूल आठ वर्षांचं असतं ना, तर ३१ हा आकडा मला अजिबात खटकला नसता आणि मी ती बाटली भरून वर पाठवली असती, हे मला अजून आठवतं. किलो-पाऊंडाच्या अशा अदलाबदलीची चूक साधारण २.२ पटीची, आणि २.२ पट वजनाची मुलं जगात असतातच. नाहीतर मग २.२ ने भागायचं त्याऐवजी घाईत गुणलं जातं, किंवा दोनदा भागलं जातं, एकदा नर्सने आणि एकदा कॉम्प्युटरने. पावकी-निमकी पाठ असलेल्यांची सुद्धा पहाटे चारला ०.४५ च्या (एका पाऊंडाचे तेवढे किलो) पाढ्यात गडबड होते हो.

म्हणून इथली हॉस्पिटलं तपासणारी जॉइंट कमिशन २००८ पासूनच सांगतेय की मुलांची वजनं किलोतच घ्या, आणि औषधांच्या चुकांवर काम करणाऱ्या आयएसएमपी या संस्थेने २०१४-१५ च्या आपल्या शिफारशींत तर सरळ म्हटलं की काटेच फक्त मेट्रिकवर, म्हणजे किलो-ग्रॅमवर ठेवा. मला हे फार पटतं. 'नीट लक्ष देऊन बदला' असं माणसाला बजावण्यापेक्षा बदलायची वेळच येऊ द्यायची नाही. (गंमत म्हणजे अमेरिकेत १८९३ पासून पाऊंडाची व्याख्याच किलोवरून केलेली आहे. म्हणजे तुम्ही पाऊंड बोलत असलात तरी आतून किलोच आहे तो!)

आता तुमच्या खोक्याचं. तिथे पाऊंड चालतात कारण तिथे गुणाकार करायचाच नसतो, फक्त आपला रकाना शोधायचा असतो. २४ ते ३५ पाऊंड, ५ एमएल. तुमची मुलगी २७, बसली त्यात, आणि हा डोस किलोमागे साधारण १३ मिलिग्रॅम पडतो म्हणजे वरच्या हिशोबाशीही जुळतो. तेव्हा उद्या दिवसाउजेडी एकदाच '१२.४ किलो = २७.३ पाऊंड' असं कागदावर लिहा, शेजारी तारीख घाला, मोजणीची सिरिंज त्याच कागदाजवळ ठेवा आणि रात्री दोन वाजता कॅल्क्युलेटरला हात लावू नका. आणि स्वयंपाकघरातला चमचा तर नकोच, टीस्पून ५ एमएल आणि टेबलस्पून १५, दोघांचा घोळ झाला की तिप्पट!

प्रश्न : बाबा भारतातून आलेत, पायात रक्ताची गाठ झाली म्हणून ॲडमिट केलं. वजन विचारलं, मी सांगितलं, तरी त्यांना एवढ्या दुखण्यात बेडसकट पुन्हा मोजलं. आमच्या शब्दावर विश्वास नाही का? – एक वाचक, टेक्सस

उत्तर : नाही, आणि नसावाच! सांगितलेलं वजन बहुतेक वेळा मागच्या कुठल्यातरी चेकअपचं असतं, किंवा मनातलं. पण तुमच्या बाबतीत अजून एक घोळ होऊ शकतो जो आपल्याच लोकांचा होतो. तुम्ही काय सांगितलंत, 'सेव्हन्टी टू'? पुढे किलो म्हणालात? आपण म्हणत नाही, आपल्या डोक्यात दुसरं काही नसतंच. समोरच्याच्या डोक्यात मात्र पाऊंड. त्याने ७२ पाऊंड धरून कॉम्प्युटरला दिले तर ३२.७ किलो होतात. गाठीवरचं इनॉक्सापॅरिन किलोमागे १ मिलिग्रॅम देतात, म्हणजे ७२ च्या जागी ३३ मिलिग्रॅम. जास्त डोसाची सगळ्यांना भीती असते, पण अर्ध्याहून कमी डोसाने गाठ वाढत गेली तरी पहिल्या दिवशी कोणाच्या लक्षात येत नाही. तेव्हा मोजू द्या, आणि पुढच्या वेळी आकड्याच्या मागे 'किलो' हा शब्द मोठ्याने लावा.

प्रश्न : बाळाचं जन्माचं वजन ७ पाऊंड ४ औंस. तिसऱ्या दिवशी ६ पाऊंड १२ औंस. माझ्या हिशोबाने ७.४ वरून ६.१२, म्हणजे १७ टक्के उतरलं! खूप घाबरलोय. – नवे बाबा

उत्तर : नव्या बाबांचं अभिनंदन, आधी श्वास घ्या. पाऊंडात औंस १६ असतात, १० नाही. ७ पाऊंड ४ औंस म्हणजे ७.२५, आणि ६ पाऊंड १२ औंस म्हणजे ६.७५. ग्रॅममध्ये ३२९० वरून ३०६०, साधारण ७ टक्के. पहिल्या काही दिवसांत एवढं उतरतं, बहुतेक बाळं दोन आठवड्यांच्या आत भरून काढतात. १० टक्क्यांच्या जवळ गेलं किंवा दूध नीट ओढत नसेल, डायपर कोरडे राहत असतील तर लगेच फोन करा. नातेवाइकांच्या ग्रुपवर पाऊंड-औंस टाका की खुशाल, पण डॉक्टरांशी बोलताना डिस्चार्जच्या कागदावरचे ग्रॅमच वाचून दाखवा.