बाबांचं ऐकलं नाही तर देवाचं मोडलं का?

प्रश्न : मी ३१ वर्षांचा आहे, लग्न झालंय. दुसऱ्या शहरात चांगला जॉब मिळतोय, बायकोलाही तिकडे काम मिळतंय, दोघांनी प्रार्थना करून जायचं ठरवलंय. बाबांचं म्हणणं, जायचं नाही. बायबल काढून इफिसकरांस ६:१ दाखवतात, आईबापांच्या आज्ञेत राहा असं स्पष्ट लिहिलंय मग तू कसला ख्रिस्ती, असं म्हणतात. चर्चच्या मंडळीतले दोघं-तिघंही तेच बोलले. घरी फोन केला की भांडण होतं म्हणून मी आता फोन करणंच बंद केलंय. मी खरंच पाप करतोय का?

उत्तर : जाताय हे पाप नाही. फोन बंद केलाय त्याबद्दल मात्र बोलायला हवं, मला खरी गडबड तिथेच दिसतेय.

आधी ते वचन घेऊ. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे ज्या मुलांशी बोलतोय ती अजून घरात वाढतायत, कारण लगेच चौथ्या वचनात तो बापांना सांगतो की लेकरांना चिडीस आणू नका, प्रभूच्या शिस्तीत वाढवा. (पहिलं वचन पाठ असलेले कितीतरी वडील चौथ्यापर्यंत पोचतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.) आणि त्याच पत्रात, जेमतेम दोन-तीन वचनं आधी, ५:३१ मध्ये, पुरुष आईबापांना सोडून बायकोशी जडून राहील हे उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकातलं वाक्य पौलानेच लिहिलंय. म्हणजे लग्न झालेल्या मुलाने आपल्या घराचे निर्णय बायकोबरोबर बसून घ्यायचे, हे त्याला पूर्ण मान्य होतं. लहानपणीचं "सांगितलं की करायचं" आयुष्यभर तसंच चालत नाही.

पण निर्गम २०:१२ बघा, तिथे आईबापांचा मान राख असं आहे आणि त्याला वयाची अट नाही. सीनाय डोंगरापाशी ती आज्ञा ऐकणाऱ्या इस्राएल लोकांत पोरंबाळं असलेली मोठी माणसं होती, ज्यांचे आईबाप म्हातारे झाले होते अशीही असणार. म्हणून आज्ञेत राहण्याचे दिवस सरले तरी मान राखायचं काम सरत नाही, उलट वय वाढतं तसं ते जास्त खर्चाचं होत जातं. मार्क ७ मध्ये येशू कोणावर चिडलाय तर आपला पैसा "कुर्बान" म्हणजे देवाला वाहिलेला आहे असं सांगून आईबापांना मदत नाकारणाऱ्यांना जे लोक सूट देत होते त्यांच्यावर. देवाचं नाव पुढे करून आईबापांना वाऱ्यावर सोडलेलं त्याला अजिबात चाललं नाही. १ तीमथ्य ५:४ मध्ये पौलही तेच सांगतो, की आधी आपल्या घरच्यांची काळजी घ्या, आईवडिलांचे उपकार फेडा.

तर तुम्ही काय करायचं? मेसेज टाकून मोकळं होऊ नका, समोर जाऊन बसा. आणि जाणार आहोत हे सांगण्याआधी आम्ही गेल्यावर तुम्हाला कसली भीती वाटते असं विचारा, कारण बऱ्याचदा वचनाच्या मागे म्हातारपणी एकटं पडायची भीती असते आणि ती थेट बोलता येत नाही म्हणून बायबल काढलं जातं. मग ठोस बोला, महिन्याला किती पैसे पाठवणार, आईला डॉक्टरकडे कोण नेणार, रात्री काही झालं तर जवळचं कोण धावून येईल, तुम्ही कधी-कधी येणार. त्यांचा सल्लाही मनापासून ऐका, एखादा मुद्दा बरोबर असला तर तसं म्हणा. एवढं करूनही ते नाहीच म्हणाले तर शांतपणे जा आणि फोन चालू ठेवा, भांडण झालं तरी पुढच्या आठवड्यात परत लावा.

मला इथे नेहमी योनाथान आठवतो. त्याच्या बापाने, राजा शौलाने, त्याच्या जिवलग मित्राला, दावीदाला मारायचं ठरवलं तेव्हा योनाथानाने बापाच्या तोंडावर विचारलं की त्याने केलंय काय, बापाने त्याच्यावर भाला उगारला, तरी दावीदाच्या बाबतीत तो मागे हटला नाही. आणि तोच योनाथान शेवटी बापाच्याच बाजूने लढताना गिलबोवा डोंगरावर पडला. बापाची चूक त्याने कधी बरोबर म्हटली नाही आणि बापाला सोडलंही नाही.

प्रश्न : मी १६ वर्षांची आहे. आई मला युथ कॅम्पला पाठवत नाही, परीक्षा जवळ आलीये म्हणते. मी तिला प्रेषितांची कृत्ये ५:२९ दाखवलं, माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे. बरोबर ना?

उत्तर : नाही गं. येशूचा शिष्य पेत्र हे बोलला तेव्हा येशूचं नाव घ्यायलाच त्याला बंदी केली होती. तुझी आई अभ्यास कर म्हणतेय. तिने खोटं बोलायला, चोरी करायला किंवा विश्वास सोडायला सांगितलं असतं तर मीच तुझ्या बाजूने उभी राहिले असते. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांशी बोलत बसला होता, तिथूनही तो उठून आईबापांबरोबर नासरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला, लूक २:५१ वाच. आईला सॉरी म्हण आणि पुढच्या कॅम्पचं आत्ताच विचारून ठेव.

प्रश्न : वडिलांनी मला लहानपणी खूप मारलं. आता ते थकलेत, एकटे आहेत आणि नातेवाईक म्हणतात की मान राख म्हणून लिहिलंय, त्यांना घरी आण. मला अजूनही त्यांचा आवाज ऐकला की थरथर सुटते.

उत्तर : त्यांना घरी आणणं तुमच्यावर बंधनकारक नाही. मान राखणं म्हणजे झालं ते झालंच नाही असं म्हणणं नव्हे, आणि माफ केलं म्हणजे लगेच विश्वास टाकायचा असंही नाही. त्यांच्याबद्दल सूड मनात न धरता, त्यांच्या जेवणाची-औषधाची सोय दुसऱ्या कोणामार्फत करता आली तर तीही सेवाच आहे. तेवढंही आज जमत नसेल तर तसं देवाला सांगा, स्तोत्र २७:१० मध्ये लिहिणाऱ्याने आईबापांनी सोडलं तरी परमेश्वर मला जवळ घेईल असं म्हटलंय, म्हणजे असं दुःख असलेली माणसं बायबलात आधीपासून आहेत. एखाद्या समुपदेशकाशी बोला, चर्चच्या पाळकांशी बोलायचं असेल तर ऐकून घेणाऱ्या पाळकांशीच बोला. भेटायला जायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं, नातेवाईकांनी नाही, आणि गेलातच तर एकट्या जाऊ नका.