महागडा हेडफोन तासाभरात टोचतो आणि बेसही कमी वाटतो. निवडताना आराम बघावा की आवाज?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्हाला चष्मा आहे, रोज तीन-चार तास ऐकणं होतं. ओळखीतल्या कुणाचा तरी उघड्या पाठीचा (म्हणजे कपाची बाहेरची बाजू जाळीची असलेला) मोठा प्लॅनर (चुंबकांमध्ये ताणलेल्या सपाट, पातळ पडद्याचा) हेडफोन वापरून पाहिलात. पाऊण तासात टाळू दुखू लागली, कानामागे चष्म्याची काडी रुतली, आणि सगळे ज्या खोल बेसचं कौतुक करतात तो काही तुम्हाला सापडला नाही. आता स्वतःसाठी घ्यायचाय, तर आराम बघावा की आवाज?

आधी बसणं बघा. हेडफोन डोक्यावर जसा बसतो तसाच तो वाजतो. तुमचं कानामागचं दुखणं आणि हरवलेला बेस, दोन्हींचं मूळ बहुधा त्या काडीतच आहे. खात्री करायला पाच मिनिटं पुरतात.

फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही ॲप घ्या आणि ४० हर्ट्झचा साधा साइन टोन अगदी हळू आवाजात लावा. चष्मा घालून हेडफोन चढवा. आता दोन्ही कपांवर तळहात ठेवून अलगद दाबा. दाबल्यावर गुरगुर स्पष्ट वाढली, तर पॅडखालून हवा निसटतेय. मग हात काढा, चष्मा उतरवा आणि न दाबता ऐका. तेवढाच भरदार आवाज आला तर दोष काडीचा. नाही आला तर बोटाचं टोक पॅडच्या कडेवरून फिरवा. कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या मागे जो खळगा असतो तिथे फट सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

असं का होतं? ड्रायव्हरचा, म्हणजे हेडफोनमधल्या आवाज करणाऱ्या भागाचा, थरथरणारा पडदा आणि तुमच्या कानाचा पडदा यांच्यामध्ये हवेची एक छोटी कोठडी तयार होते. खालच्या सुरांमध्ये ड्रायव्हर या कोठडीतल्या हवेचा दाब कमी-जास्त करत असतो. तिला मिलिमीटरभर फट राहिली तरी दाब चढायच्या आत हवा बाहेर पडते आणि बेस गळतो. वरच्या सुरांची कंपनं इतकी जलद असतात की तेवढ्या वेळात हवेला निसटता येत नाही, म्हणून गाणं ऐकताना आवाज गेला असं वाटत नाही, नुसता पातळ वाटतो. बंद पाठीच्या हेडफोनांत आणि बऱ्याच प्लॅनरमध्ये हा फरक मोठा असतो. तुम्ही ऐकलात तो हेडफोन चांगलाच असेल, तुम्हाला तो पूर्ण ऐकायला मिळाला नाही इतकंच.

चष्म्यावर उपाय आहेत. ऐकण्यासाठी पातळ, सरळ धातूच्या काडीची फ्रेम ठेवा. रुंद प्लॅस्टिकच्या काडीला पॅड वरून-खालून नीट मिटत नाही, आणि ती कवटीवर दाबली जाते ती वेगळीच. हेडफोन घातल्यावर दोन्ही काड्या चार-पाच मिलिमीटर वर उचला, म्हणजे त्या कान आणि कवटी यांच्या बेचक्यात चिमटत नाहीत. पॅड निवडताना मऊ, हळू दबणाऱ्या फोमचे घ्या. तो फोम काडीभोवती स्वतःच साचा धरतो. कडक फोमवर ताणून बसवलेलं चामडं काडीपाशी तंबूसारखं उचललं जातं आणि काडीच्या दोन्ही बाजूंना त्रिकोणी फटी राहतात. आरशात बाजूने पाहिलंत तर त्या डोळ्यांनीही दिसतील.

आता टाळूचं दुखणं. इथे लोक फक्त वजनाचा आकडा बघतात. आकडा महत्त्वाचा आहेच: सेनहायझरचा एचडी ६०० सुमारे २६० ग्रॅमचा, एचडी ८०० एस ३३० ग्रॅमचा, हायफायमॅनचा सुसवारा ४५० ग्रॅमचा, फोकलचा युटोपिया ४९० ग्रॅमचा, तर ऑडीझचा एलसीडी-एक्स ६०० ग्रॅमच्या थोडा वरच जातो. पण तो भार किती जागेवर पसरतो, हे त्याहून महत्त्वाचं. गादीवाला कमानदार हेडबँड डोक्याच्या गोलाईशी जुळला नाही तर सगळा भार दोन बोटांच्या जागेवर येतो, आणि तिथेच आग होते. कमानीखाली लोंबणारा रुंद पट्टा असेल तर तो डोक्याचा आकार घेतो आणि तेच वजन तीन-चार पट जागेवर वाटलं जातं. ४५० ग्रॅमचा पट्टेवाला हेडफोन ३३० ग्रॅमच्या टोचऱ्या कमानीपेक्षा हलका वाटू शकतो, तो यामुळे.

बाजूच्या पकडीचा वजनाशी थेट संबंध आहे, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. पॅड गालाला आणि कानशिलाला दाबून धरतात तेव्हा घर्षणामुळे वजनाचा काही वाटा तिथेच पेलला जातो. पकड सैल केली की तो वाटा टाळूवर जातो. त्यामुळे जबडा दुखतोय म्हणून हेडफोन ताणून सैल करणारा माणूस दोन दिवसांनी टाळू दुखतेय म्हणतो, आणि वर बेसही कमी झालेला असतो. जड हेडफोनची पकड सैल करताना हात आखडता घ्या. हलक्या हेडफोनला मात्र हा उपाय लागू पडतो. नवा एचडी ६०० किंवा एचडी ६५० चांगलाच आवळतो. त्याची पकड कमी करायची तर:

१. दोन्ही बाजूंच्या धातूच्या पट्ट्या पूर्ण बाहेर ओढा.
२. प्लॅस्टिकची कमान आणि कप धरणारी दोन फाट्यांची चौकट यांना हात न लावता फक्त उघड्या पडलेल्या धातूला थोडा थोडा बाहेर बाक द्या. प्रत्येक वेळी घालून बघा.
३. हाताने भीती वाटत असेल तर आपल्या डोक्याच्या रुंदीपेक्षा एक-दोन सेंटिमीटर जास्त रुंदीच्या खोक्यावर रात्रभर चढवून ठेवा. सकाळी तपासा, गरज पडली तरच पुन्हा ठेवा.

खोक्यावर आठवडाभर ठेवू नका. पॅडचा फोम चपटा होतो आणि मग हेडफोनचा आवाजच बदलतो. ज्या हेडबँडमध्ये ताणाचं काम प्लॅस्टिक किंवा कार्बन फायबर करतं तिथे हा प्रयोग अजिबात नको, तडा जाईल.

लांबी लावायची पद्धतही बहुतेकांची उलटी असते. आधी हेडबँड पूर्ण लांब करा, कप कानांवर असे धरा की कान बरोबर मधोमध येईल, आणि मग पट्टा किंवा कमान टाळूला टेकेपर्यंत एकेक खाच आखूड करत जा. टेकली की थांबा. एक खाच जास्त घेतली की कप वर खेचले जातात, पाळी पॅडखाली दुमडते आणि टाळूवर भार वाढतो.

कप पुरेसा मोठा आहे की नाही हे घरबसल्या तपासता येतं. निर्मात्याने दिलेल्या मापानुसार पॅडच्या आतल्या भोकाच्या आकाराचा पुठ्ठा कापा, म्हणजे पुठ्ठ्यात तसं भोक पाडा, आणि ते कानावर धरा. कानाची कड कुठेही घासता कामा नये. खोलीसाठी कान कवटीपासून किती बाहेर येतो ते पट्टीने मोजा. तो २२ मिलिमीटर बाहेर येत असेल आणि पॅडची आतली खोली २० असेल, तर कानाचं टोक ड्रायव्हरवरच्या जाळीला टेकणार, आणि अर्ध्या तासात त्या एका ठिपक्यावर दुखायला लागणार. पॅड दाबल्यावर खोली आणखी घटते, हेही धरा.

मखमली पॅड थंड राहतात, पण त्यांच्या कापडातून हवा झिरपते, त्यामुळे खोल बेस सहसा थोडा कमी मिळतो. चामड्याचे पॅड बेस धरून ठेवतात आणि कानही तापवतात. मला चष्मेवाल्यांसाठी बाहेरून चामडं आणि त्वचेला लागणाऱ्या बाजूला कापड अशी मिश्र रचना सगळ्यात व्यवहारी वाटते. एक इशारा: दुसऱ्या कंपनीचे जाड पॅड बसवणं म्हणजे हेडफोनचं ट्यूनिंग बदलणं. ड्रायव्हर कानापासून चार-पाच मिलिमीटर लांब गेला की १ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा, म्हणजे माणसाच्या आवाजाचा जिवंतपणा, ओळखीचा वाटू नये इतका बदलू शकतो. आरामासाठी पॅड बदललेत तर कुठला सूर किती मोठा वाजतो हे दाखवणाऱ्या आधीच्या आलेखांवर विसंबू नका.

आलेखांबद्दलही बोलायला हवं. साधारण ८ किलोहर्ट्झच्या वर काय ऐकू येईल हे तुमच्या कानाच्या घड्या, नळीची लांबी आणि हेडफोन नेमका कुठे बसला यावर अवलंबून असतं. मोजमापाच्या कृत्रिम कानावर दिसलेलं शिखर तुमच्या कानात थोडं सरकलेलं, कमी किंवा जास्त असू शकतं. त्याखालची माहिती मात्र कामाची आहे. उदाहरणार्थ, २००९ च्या एचडी ८०० मध्ये ६ किलोहर्ट्झच्या आसपास एक टोकदार उंचवटा आहे, आणि २०१६ च्या एचडी ८०० एसमध्ये तो शोषून घेणारी रचना बसवली आहे. हा फरक बऱ्याच जणांना पहिल्या दहा मिनिटांत कळतो: 'स' आणि 'श' ही अक्षरं आधीच्यात काट्यासारखी टोचतात.

म्हणून ऐकून बघताना झगमगीत ध्वनिमुद्रण घेऊ नका. माणसाचा उघडा आवाज, एकट्या पियानोचं वादन आणि डबल बास असलेलं काहीतरी घ्या. डबल बासच्या सुरावळीतला प्रत्येक सूर सारख्याच वजनाचा वाटला पाहिजे; एखादाच फुगून येत असेल तर तिथे उंचवटा आहे. दोन हेडफोन ताडून बघताना आवाजाची पातळी जुळवा, कारण एक-दोन डेसिबलने मोठा वाजणारा हेडफोन आपल्याला उगाचच चांगला वाटतो. आणि एका बैठकीत किमान पाऊण तास, स्वतःचा चष्मा घालून. पहिल्या पाच मिनिटांत सगळेच हेडफोन आरामदायी असतात.

ॲम्पचं (हेडफोनला शक्ती पुरवणाऱ्या ॲम्प्लिफायरचं) गणित एकदा करून टाका म्हणजे जाहिरातींची भीती जाते. सुसवाराची संवेदनशीलता १ मिलिवॉटला ८३ डेसिबल आणि रोध ६० ओम. ११० डेसिबलच्या शिखरांसाठी २७ डेसिबल जास्त हवेत, म्हणजे ५०० पट शक्ती: ५०० मिलिवॉट. त्यासाठी साधारण ५.५ व्होल्ट आणि ९० मिलिअँपिअर लागतात, जे फोनला हेडफोन जोडायच्या छोट्या डाँगलला झेपत नाहीत. एचडी ६०० ला ३०० ओम रोध असूनही १ मिलिवॉटला ९७ डेसिबल मिळतात. तीच पातळी गाठायला २० मिलिवॉट आणि सुमारे २.५ व्होल्ट पुरतात. म्हणजे नुसते ओम बघून 'हा चालवायला अवघड' म्हणणं चूक आहे. ॲम्पचा स्वतःचा आउटपुट रोध हेडफोनच्या रोधाच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा, एवढं पाळलंत की पुरे. महागड्या केबलवर पैसे घालवू नका. हलकी, लवचीक, कपड्याला घासल्यावर कपात खरखर न पोचवणारी केबल हवी, बस्स.

थोडासा बोचरा वरचा पट्टा इक्वलायझरने सहज निवतो: ६ किलोहर्ट्झला क्यू (बदल किती अरुंद पट्ट्यात व्हावा ते ठरवणारा आकडा) ३ ठेवून ३ डेसिबल कमी करा. बेस वाढवायचा असेल तर १०५ हर्ट्झचा लो-शेल्फ (त्याखालचे सगळे सूर एकत्र वर-खाली करणारा फिल्टर) ४ डेसिबल वर घ्या आणि इक्वलायझरमधला प्रीॲम्प, म्हणजे एकूण पातळी, तेवढाच खाली, म्हणजे उणे ४, ठेवा. नाहीतर मोठ्या आवाजाच्या जागी सिग्नल कापला जाऊन फाटका ऐकू येईल. फटीतून गळणारा बेस मात्र इक्वलायझरने भरायला जाऊ नका. मान वळवली, हसलात किंवा काही चावलंत की फट बदलते, आणि बेस वर-खाली होत राहतो.

तुमच्यासाठी माझा कौल: रोजचे तीन-चार तास आणि चष्मा, म्हणजे ४०० ग्रॅमच्या आत, लोंबता पट्टा किंवा रुंद गादी, मऊ फोमचे पॅड आणि कानाला कुठेही न टेकणारं भोक. या चाळणीतून जे उरतील त्यांतून आवाज निवडा. प्लॅनरच हवा असेल तर त्याचेही हलके नमुने मिळतात. आणि विकत घेण्याआधी मूळ निर्मात्याचे पॅड सुटे मिळतात की नाही ते विचारा. रोजच्या वापरात फोम वर्ष-दोन वर्षांत बसतो, ड्रायव्हर कानाजवळ येतो आणि आवाज इतक्या हळूहळू बदलतो की तुम्हाला कळतही नाही. नवा असताना पॅडची जाडी पट्टीने मोजून कुठेतरी लिहून ठेवा. ती एक चतुर्थांशाने घटली की जोडी बदला. एका कपात मध्येच भुणभुण येऊ लागली तर ड्रायव्हर गेला असं लगेच समजू नका: पॅड काढा, आतली फोमची चकती उचला आणि जाळीवर केस अडकलाय का ते बघा. पडद्याला टेकलेला एकच केस तेवढा आवाज करतो. तो चिमट्याने अलगद उचला. फुंकर मारू नका, आणि व्हॅक्यूम तर अजिबात लावू नका, पडदा फाटेल.